मारियो, कॉन्ट्रा आणि मी

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात कशावर लिहावे, याचे काही संकेत ठरून गेले आहेत. पहिल्या पावसावर लिहावे, आजीच्या पेटीवर लिहावे, फारच धाडस करायचे तर जुन्या सायकलीवर लिहावे. व्हिडिओ गेमवर मात्र लिहू नये. माझी पंचाईत अशी, की आजीची पेटी माझ्या धाकट्या काकांकडे गेली आणि माझ्या वाट्याला आला तो व्हिडिओ गेम. तेव्हा संकेत आज बाजूला ठेवतो आणि चार गोष्टी कबूल करून टाकतो. त्या वाचकांना पटतीलच असे नाही. आमच्या स्टाफरूममध्ये तर अजून कोणालाच पटलेल्या नाहीत.

पहिली कबुली अशी, की ज्या खेळांवर मी लहानाचा मोठा झालो, ते सगळे नकली यंत्रावरचे होते. जपानमधली निन्टेन्डो ही मूळची पत्ते बनवणारी कंपनी. १८८९ साली क्योटोत सुरू झालेली. तिने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे, घरच्या टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र काढले. ते अस्सल यंत्र आमच्या नांदेडात मी कधी पाहिले नाही. पाहिल्या त्या त्याच्या नकला. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या दिवसाच्या भाड्यानेही मिळत. खेळाच्या चौकोनी डबीला आम्ही ‘कॅसेट’ म्हणत असू आणि बटणांच्या पट्टीला ‘रिमोट’. कॅसेटवर ऐटीत ‘९९९९९९ इन वन’ असे छापलेले असे. लावून पाहावे तर आत पंधरा-वीस खेळ. तेच ते, निराळ्या नावांनी, पुन्हा पुन्हा. पुढे प्राध्यापक झाल्यावर परीक्षेची गाइडे चाळली, तेव्हा हा प्रकार एकदम ओळखीचा वाटला.

पण त्या नकलांचा मी ऋणी आहे. अस्सल मालाची वाट पाहत बसलो असतो, तर आमचे बालपण वाट पाहण्यातच संपले असते.

घरात या यंत्राला एकच विरोधक होता, तो म्हणजे आमचे अण्णा. गेम खेळला की टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, अशी त्या काळी घरोघर समजूत होती. अण्णा ऑफिसातून आले, की चप्पल काढण्याआधीच विचारीत, “काय करायलास रे? ट्यूब जाईल ना त्याची!” त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. एकच स्थिर चित्र तासन्‌तास ठेवले, तर जुन्या काचेच्या पडद्यावर त्याचा डाग उमटत असे. पण आमच्या खेळात कोणतेही चित्र इतका वेळ टिकत नसे. आम्ही त्याआधीच मरत असू.

दुसरे मत सांगितले, तेव्हा माझे बालमित्र दुखावले होते. कॅसेट चालली नाही, की ती उपसून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा आमच्या पिढीचा मंत्र. माझ्या मते त्या फुंकरीत काहीही नव्हते. कॅसेट काढून पुन्हा बसवली, की तिच्या धातूच्या पट्ट्या यंत्राला नीट टेकत आणि खेळ सुरू होई. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. उलट तोंडाच्या ओलाव्याने त्या पट्ट्या गंजतात, म्हणून फुंकू नका, असे निन्टेन्डोनेच बजावले होते. हे ऐकून मित्रांचे चेहरे असे झाले, जणू मी त्यांच्या कुलदैवताविषयी काही बोललो.

तिसरे मत याहून गंभीर आहे: ‘कॉन्ट्रा’ हा खेळ मला थोर वाटत नाही.

कॉन्ट्रा म्हणजे उघड्या अंगाचे दोन बंदूकधारी वीर आणि समोर शत्रूची फौज. माझ्या वयाच्या कोणाही पुरुषापुढे हे नाव काढा. त्याचे डोळे पाणावतील. माझे पाणावत नाहीत. कोनामी कंपनीने हा खेळ १९८७ साली काढला तो नाणी टाकून खेळायच्या यंत्रांसाठी. घरचा अवतार त्यानंतरचा. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा धर्मच असा, की गिऱ्हाईक लवकर मेले पाहिजे. म्हणजे ते दुसरे नाणे टाकते. कॉन्ट्रात तुम्ही का मेलात, हे पुष्कळदा मेल्यावरच कळते. मग उपाय एकच: कोणता शत्रू कोठून येतो, ते पाठ करायचे. शत्रूही इतके नेमस्त, की दर वेळी ठरल्या जागीच हजर होत. याला आमच्या धंद्यात घोकंपट्टी म्हणतात.

आता त्यातल्या त्या प्रसिद्ध किल्लीविषयी. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, मग बी आणि ए. सुरुवातीला एवढी बटणे दाबली, की तीनाऐवजी तीस लाइफ मिळत. ही किल्ली वापरणे म्हणजे लबाडी, असे अनेक सज्जन मानतात. मी मानत नाही. कोनामीतले काझुहिसा हाशिमोतो यांनी ती १९८६ साली ‘ग्रेडियस’ या खेळासाठी प्रथम बसवली. कारण खेळ तपासून पाहताना तो इतका अवघड ठरला, की त्यांना स्वतःलाच शेवटापर्यंत जाता येईना! ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्यालाच ती सुटेना, तर विद्यार्थ्याने थोडी सवलत घेतली म्हणून काय बिघडले?

मारियोची गोष्ट मात्र निराळी. ‘सुपर मारियो ब्रदर्स’ १९८५ सालचा. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो हे नाव मला एम. ए. झाल्यानंतर कळले. पण त्या गृहस्थांनी मला शिकवायला किती तरी आधी सुरुवात केली होती. त्या खेळाचा पहिला पडदा आठवून पाहा. मारियो डावीकडे उभा आहे आणि उजवीकडे सगळे मोकळे आहे; म्हणजे जायचे कुठे ते कळले. समोरून एक मशरूमसारखा दिसणारा शत्रू चालत येतो. उडी मारली तर वाचलात. नाही मारली तर मेलात, पण गेलेली वाट चार पावलांचीच. पुढे प्रश्नचिन्हाचा ठोकळा. त्याला डोके मारले, की एक खरोखरचे मशरूम बाहेर पडते, घरंगळत उजवीकडे जाते, हिरव्या नळाला आपटते आणि परत तुमच्याकडेच येते. तुम्ही घाबरून उडी मारावी, तर वर विटांचे छप्पर. मशरूम येऊन अंगाला लागते आणि मारियो मोठा होतो! भ्यायचे कशाला आणि धरायचे काय, हे असे एका मिनिटात कळते. सूचना नाही, भाषण नाही, एक अक्षर नाही. हा पडदा अशा रीतीने मुद्दाम रचल्याचे मियामोतो यांनी स्वतः सांगितले आहे. बी. एड.च्या मुलांकडून मी पुष्कळ पाठटाचणे लिहून घेतलेली पाहिली. इतके चोख एकही पाहिले नाही.

आणि काटकसर तर अशी, की आमच्या आईने कौतुक करावे. आख्खा खेळ ४० किलोबाइटचा. मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोच्या जागेत असे पन्नास-शंभर मारियो सहज मावतील. जागा वाचवायची म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच ठेवले आहे. एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा.

इथवर माझी मते कोणाला निरुपद्रवी वाटली असतील. पण मी राहतो लातूरला आणि तिथे यातले शेवटचे मत उच्चारणे अवघड आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आता महाराष्ट्राला समजावून सांगावा लागत नाही. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आमच्या गावाची मुले झळकली, तेव्हापासून दूरदूरची मुले इथे येऊन राहतात. पहाटे क्लास, दिवसा कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. बहुतेकांचे डोळे ‘नीट’कडे. २०२५ साली देशभरातल्या २२ लाखांहून अधिक मुलांनी ती परीक्षा दिली. ती वर्षातून एकदा होते. एक चुकले, की चार गुण हुकतात आणि वर एक कापला जातो.

अकरावीच्या विज्ञानाच्या वर्गाला मी मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मी एकदा म्हणालो, “आज कशावरही लिहा.” एका हुशार मुलाने तासाच्या शेवटी कोरा कागद दिला. दहावीला त्याला मराठीत नव्वदच्या वर गुण होते. मी कारण विचारले, तर हळूच म्हणाला, “सर, चुकलं तर?” आणि मग, “याचं मॉडेल आन्सर कुठं मिळंल?”

त्या पोराला कॉन्ट्रा उत्तम येत होता. मारियो कोणी त्याच्या हातात दिलाच नव्हता. आम्ही नांदेडच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत किती वेळा मेलो असू! खड्ड्यात पडून, कासवाला धडकून, नुसते घाईने. त्याची नोंद कुठे झाली नाही, गुण कापले गेले नाहीत, शेजारच्या मुलाशी तुलना झाली नाही. ‘डक हंट’मधला तो बदक हुकल्यावर खिदळणारा कुत्रा, हाच काय तो आमच्या नापाशीचा साक्षीदार. चुकणे ही शिकण्याचीच एक पायरी आहे, हे मला कोणत्याही सुभाषिताआधी मारियोने पटवले.

स्टाफरूममध्ये मी हे बोललो, तेव्हा गणिताचे सर म्हणाले, “तुम्ही पोरांना बिघडवणार!” त्यांची भीती मला समजते. आजचे मोबाइलवरचे पुष्कळसे खेळ संपतच नाहीत. मुलाला उठू न देणे, हाच त्यांचा हेतू असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा उच्छाद तर इतका झाला, की २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला बंदीचा कायदा करावा लागला. मारियोची वकिली म्हणजे या सगळ्याची वकिली नव्हे. आमचा खेळ संपत असे. न संपला, तर वीज जाई. आणि वीज आली, की पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरुवात.

अकरावीच्या पोरांना मी गेम दिलेले नाहीत. त्यांना वेळ कुठे आहे? एक लहानसा बदल मात्र केला आहे. वर्षाच्या पहिल्या तीन निबंधांना मी गुण देत नाही. लाल शाईही लावत नाही. वाचतो, खाली दोन ओळी लिहितो आणि परत देतो. पालकांपैकी दोघांनी येऊन, हे तीन तास अभ्यासक्रमात कुठे बसतात, अशी चौकशी केली. मुलांनी मात्र त्याला ‘सरांच्या तीन लाइफ’ असे नाव ठेवले आहे.

कोऱ्या कागदाच्या त्या मुलाने पहिला निबंध तीन ओळींचा दिला होता आणि दुसरा कुठल्या तरी पुस्तकातला. तिसऱ्यात त्याने आपल्या मेसमधल्या पातळ वरणावर सव्वा पान लिहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजायच्या म्हटले, तर वीस-पंचवीस भरल्या असत्या. मी मोजल्या नाहीत. हसू इतके आले, की मोजायचे राहूनच गेले.