नेमून दिलेली वाट

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या वसतिगृहात ऊसतोडीला गेलेल्या मजुरांची मुले राहतात. येथे इंटरनेटच्या वाटा दोन: एक तारेची, दुसरी मोबाइल सिमची. मुलांच्या संगणकाला आम्ही राउटरमध्ये १९२.१६८.१.२० हा कायमचा पत्ता देऊन तारेची वाट नेमून दिली. आमच्या दूरदर्शन संचाला सिमची. परवा रस्त्याच्या खोदकामात तार तुटली. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस. संगणक मुका, आमचा संच मात्र बोलत होता! नेमलेली वाट खुंटल्यास दुसरी धरावी, ही मुभा आम्ही नियमात ठेवलीच नव्हती. ती दिली आणि अर्ज गेले. शिस्त लावणाऱ्याने अडलेल्याची सोयही आधीच पाहावी, एवढे आम्ही त्या सायंकाळी शिकलो.