गोठणगांवचा मठ

जर्मनींतील फुल्डा हें शहर एका मठापोटीं जन्मलें. बोनिफेस नांवाच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या आज्ञेवरून स्टुर्मी या त्याच्या शिष्यानें इ. स. ७४४ मध्यें तेथें मठ स्थापिला. दहा वर्षांनीं बोनिफेस मारला गेला व त्याचें शव त्या मठांत पुरलें गेलें. मग यात्रेकरू येऊं लागले, त्यांच्यामागें बाजार आला, आणि बाजारामागें कारागिरांचीं घरें उठलीं. म्युनिचच्या तर नांवांतच भिक्षु आहेत. आळंदीस जाऊन आलेल्या मराठी माणसास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत मात्र हा क्रम उलटा झालेलें एक गांव आहे. अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, गोठणगांव व प्रतापगड यांच्या परिसरांत, तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग नांवाची वसाहत आहे. १९५९ सालीं दलाई लामा ल्हासा सोडून भारतांत आले व त्यांच्यामागून हजारों लोक हिमालय ओलांडून आले. त्यांना निरनिराळ्या प्रांतांत जमिनी देण्यांत आल्या. त्यांपैकीं ही वसाहत १९७२ सालची. त्या वेळीं हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडे. गोंदिया जिल्हा १९९९ मध्यें निराळा झाला. जवाच्या भाजलेल्या पिठावर, म्हणजे आपल्या सातूवरच म्हणाना, वाढलेलीं हीं माणसें धानाच्या मुलखांत आलीं. वैशाखांतलें ऊन आम्हां जन्मजात वैदर्भीयांसही सोसवत नाहीं. त्यांनीं पहिला उन्हाळा कसा काढला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आमचा त्यांचा परिचय स्वेटरांमुळें. दिवाळी सरली कीं ठिकठिकाणीं तिबेटी बायका लोंकरीच्या कपड्यांचीं दुकानें मांडून बसतात. आमच्याकडील मुलें त्यांतील एकीस 'स्वेटरवाली मावशी' म्हणत. तिच्याच आग्रहावरून आम्ही वसाहतींत गेलों, तें लोसारच्या म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवशीं. महाशिवरात्रीस प्रतापगडावर जत्रा भरते, आणि पुष्कळ वर्षीं त्यानंतर दोन-तीन दिवसांतच लोसार येतो. त्यामुळें वाटेंत जत्रेहून परतणारीं माणसें भेटत होतीं.

मठांत बुद्धाची मूर्ति, दलाई लामांची तसबीर आणि तेवणारे दिवे. बाहेर म्हातारीं माणसें जपमाळ ओढीत, मठ उजव्या हातास ठेवून फेऱ्या घालीत होतीं. अगदीं आपली प्रदक्षिणाच. ल्हासा शहरही जोखांग मंदिराभोंवतीं असेंच वाढलें. तेथील प्रदक्षिणेची वाट हाच तेथला बाजार. आणि तिबेटांतला पहिला मठ जो साम्ये, त्याच्या स्थापनेस नालंदेचा पंडित शांतरक्षित येथून गेला होता, तोही फुल्डाच्याच शतकांत. गेलेली वस्तु बाराशें वर्षांनीं अशी घरीं यावी, आणि आणणारे मात्र बेघर असावेत!

"मठ बांधलात तो येथेंच राहण्यासाठीं ना?" असें आम्हीं मावशीस विचारलें.

"मठ नसता तर परत कुठं जायचं तें मुलांना कसं कळलं असतं?" ती म्हणाली.

मुलें मात्र परत न जातां पुढें चाललीं आहेत. कोणी दिल्लीस, कोणी बंगळुरास, कोणी सातासमुद्रांपार. फुल्डास माणसें येत गेलीं. येथून जात आहेत. त्यांच्यासाठीं काय इच्छावें, हेंच शेजाऱ्यास कळेनासें होतें. गांव भरभराटीस आलें तर स्वदेश अधिकच दूर गेल्यासारखा. आणि स्वदेश मिळाला तर हें गांव ओस पडावयाचें. आम्हांस विचाराल तर, स्वार्थ म्हणा हवा तर, तें ओस पडूं नये असेंच वाटतें.

मावशीची मुलगी स्वित्झर्लंडांत परिचारिका आहे. तेथें झुरिकपासून जवळच रिकॉन म्हणून जर्मन बोलणाऱ्यांचें एक गांव आहे. भांड्यांच्या कारखान्यांत कामास आलेल्या तिबेट्यांसाठीं कारखानदारांनीं पुढाकार घेतला आणि १९६८ पासून तेथें तिबेटी मठ आहे. म्हणजे तेथेंही माणसें आधीं, मठ मागाहून. मुलगी लोसारला त्या मठांत जाते व फोटो धाडते. मावशीनें तो आम्हांस दाखविला. मुलीच्या मागें बर्फ पडलेला होता. मावशीचें बोट मुलीवर नव्हतें, त्या बर्फावर होतें.