कुर्तुब्याचे खांब

स्पेनमधले कॉर्डोबा म्हणजे आपले कुर्तुबा. इक्बाल १९३३ साली इथे येऊन गेले. त्यांच्या ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’मुळे हे नाव आम्ही लहानपणापासून घरात ऐकलेले.

संत्र्यांच्या झाडांचे अंगण ओलांडून आत गेलो. साडेआठशेच्या आसपास खांब, वर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस ही मशीद बांधायला घेतली. १२३६मध्ये शहर पडले, मशिदीचे चर्च झाले. १५२३पासून खांबांच्या ऐन मध्यावर कॅथेड्रल उभे राहू लागले. आजही इथे प्रार्थना होते ती ख्रिश्चनांचीच, मुसलमानांना नमाजाची परवानगी नाही.

मेहराबीपुढे थांबलो. सोनेरी मोझेकमधल्या आयती ओठांतल्या ओठांत वाचल्या. जोहरची वेळ झाली होती. पहारेकरी आमच्याकडेच पाहत होता. कपाळ नुसते जड झाले.

मग खांब नीट पाहिले. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. त्यांतले पुष्कळ रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले. म्हणजे आमचे छत पेलण्याआधी त्यांनी दुसऱ्यांची छते पेलली होती. आमचे दुःख त्याने कमी झाले नाही, पण एकटे राहिले नाही.

दुपारी इब्न रुश्दचा पुतळा पाहिला. जवळच्या ज्यू मोहल्ल्यात मैमोनिदेसचाही आहे. दोघेही बाराव्या शतकातले, याच गावात जन्मलेले, आणि दोघांनाही पुढे परागंदा व्हावे लागले, तेही मुसलमान राजवटीत. हेही आपण सांगितले पाहिजे.

नदीकाठी, रोमन पुलाजवळ, बाटलीतल्या पाण्याने वजू केला आणि जोहर अदा केली. तिथे कुणी अडवले नाही.