कौशल्याचा खेळ

‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द एखाद्या वकिलाच्या तोंडी शोभले असते. मी ते ऐकले रोह्यात, अष्टमीला, जुम्म्याच्या नमाजनंतर. धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा एक मुलगा इमामसाहेबांना समजावत होता, “हजरत, हा जुगार नाही. कोर्टानं सांगितलंय, गेम ऑफ स्किल आहे.”

“पैसे कुणाचे लागतात?”

“आमचेच.”

“आणि हरलास तर?”

मुलगा चपला शोधायला लागला.

तो मुलगा कायद्याचं पुस्तक उघडून बसला नव्हता. मग मुंबई-दिल्लीतला हा शब्द कुंडलिका ओलांडून त्याच्यापर्यंत आला कसा? महाराष्ट्रात आजही लागू असलेल्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात एक छोटंसं कलम आहे, तेरावं. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, एवढंच ते म्हणतं. इंग्रजांच्या काळातल्या अशा एका ओळीवर आपल्या डोळ्यांदेखत हजारो कोटींचा धंदा उभा राहिला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ड्रीम इलेव्हनचा फँटसी क्रिकेटचा खेळ कौशल्याचा मानला. पण निकाल लागला म्हणून तो आपोआप घराघरांत पोचत नाही. त्याला कुणीतरी पोचवावं लागतं.

या कंपन्या गुगल-फेसबुकसमोर लहान. पण फार लहानही नाहीत. मंत्रालयाचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे हे त्यांना नीट ठाऊक. २०१७ मध्ये मुंबईत फँटसी क्रीडा कंपन्यांचा महासंघ स्थापन झाला. ऑनलाइन खेळांच्या आणखी दोन संघटना होत्याच. २०२० च्या डिसेंबरात नीती आयोगानं फँटसी खेळांसाठी मसुदा काढला, त्यात या धंद्यानं स्वतःचं नियमन स्वतःच करावं अशी कल्पना होती. ६ एप्रिल २०२३ ला केंद्राच्या आयटी नियमांतही तीच कल्पना आली. त्याच वर्षी इंटरनेट कंपन्यांच्या देशव्यापी संघटनेचं अध्यक्षपद गुगलच्या माणसाकडून ड्रीम इलेव्हनच्या हर्ष जैन यांच्याकडे गेलं. यात बेकायदेशीर काही नाही. आपला धंदा वाचवायला कुणीही सरकारकडे जाईल. मटकेवाल्यांनाही जावंसं वाटलं असेल, पण त्यांना महासंघ काढायचं सुचलं नाही. ते हवालदारापर्यंतच राहिले.

आमच्या फिकहमध्ये या प्रश्नावर हजार वर्षांपूर्वीच खल झालेला आहे. घोड्यांची शर्यत, तिरंदाजी यांत कौशल्य नाही असं कोण म्हणेल? तरी फकीहांनी विचारलं ते बक्षिसाच्या पैशाबद्दल. तिसऱ्यानं बक्षीस ठेवलं तर ठीक. दोन्ही खेळाडूंनी आपापले पैसे लावले आणि जिंकणारा ते घेऊन गेला, तर तो किमार, म्हणजे जुगार. यात बारीक मतभेद आहेत, पण प्रश्नाचा रोख कुणाच्या खिशातून जातं यावर आहे. इमामसाहेबांनी नेमकं तेच विचारलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं विधेयक आणलं, तेव्हा तिन्ही संघटनांनी गृहमंत्री अमित शहांना पत्र लिहून भेट मागितली. दोन लाखांवर रोजगार, वर्षाला २० हजार कोटींहून जास्त कर, असे आकडे त्यात होते. सरकारचा अंदाज असा की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी जवळपास २० हजार कोटी गमावतात. दोन्ही बाजूंना २० हजार कोटीच! सूरह बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांना फायदा आहे हे नाकारलेलं नाही; गुनाह त्या फायद्याहून मोठा आहे, असं सांगितलंय. कंपन्यांच्या पत्रात पहिलं अर्धं वाक्य तेवढं होतं.

विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत गदारोळात मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची सही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बंदी मला मान्य आहे. पण तीन दिवसांत झालेला कायदा मला भीतीच वाटायला लावतो. आज जुगाराचा झाला, उद्या अशाच घाईत आणखी कशाचा होईल, हे मुसलमान वाचकाला समजावून सांगायला नको. संसदीय समितीकडे विधेयक गेलं असतं तर कंपन्या आल्या असत्या, आणि हरलेल्यांनाही बोलावता आलं असतं.

(त्याआधी महिनाभर आपल्या विधिमंडळातला व्हिडिओ गाजला होता: कृषिमंत्री माणिकराव कोकाटे आणि मोबाईलवर रमी. ते म्हणाले, जाहिरात आली होती, ती काढत होतो. त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. हा विनोद मी रचलेला नाही.)

अमेरिकेत १९९५ पासून कायदा आहे: कोण, कुठल्या विषयावर, किती खर्च करून खासदारांची मनं वळवतं याची नोंद द्यावी लागते. आपल्याकडे तशी नोंद नाही. ओडिशाचे खासदार कालिकेश सिंहदेव यांनी २०१३ मध्ये तसं खासगी विधेयक मांडलं होतं, ते तिथंच राहिलं. त्यामुळे गेल्या आठ वर्षांत कोण कुणाला भेटलं, काय मागितलं, हे तुम्हाआम्हाला वर्तमानपत्रात फुटलेल्या पत्रांतूनच कळतं.

पेणच्या लोकांना निवेदन म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. २०१० च्या सप्टेंबरात पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हापासून ठेवीदारांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले, अधिवेशनांच्या तोंडावर मुंबई गाठली. त्यांना निदान उजळ माथ्यानं सांगता येत होतं की आमचे पैसे बुडाले. मोबाईलमध्ये पगार घालवलेल्या मुलाची आई ते शेजारणीलाही सांगत नाही. सोनाराकडे ठेवलेल्या बांगड्यांचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात जाते. रायगडचे खासदार सुनील तटकरे रोह्याचेच. त्यांच्याकडे रस्त्याची, पाण्याची निवेदनं घेऊन जाणारे मी पाहिलेत, हे निवेदन घेऊन जाणारं कुणी पाहिलेलं नाही.

कंपन्या कोर्टात गेल्यात, त्या याचिका सर्वोच्च न्यायालयानं स्वतःकडे घेतल्यात. तिथं जे व्हायचं ते होईल. आमच्या ओळखीतल्या सहा घरांनी मात्र नावं न छापण्याच्या अटीवर काय गेलं, कसं गेलं ते लिहून द्यायचं कबूल केलंय. त्यासोबत एक मागणी जोडायची आहे: या विषयावर सरकारकडे आलेली सगळी पत्रं जनतेसमोर ठेवा. पेणचे दोन ठेवीदार मसुदा करून देतो म्हणालेत. त्यांना पंधरा वर्षांचा सराव आहे.