राजापूर रोड, माणसांशिवाय

माझ्या फोनमध्ये 'स्टेशनं' नावाचा एक अल्बम आहे. त्यात सीएसएमटीचे जेमतेम चार फोटो आहेत. जागतिक वारसा वगैरे सगळं मान्य, पण त्या इमारतीला माझ्या फोटोची गरज नाही. उरलेला जवळजवळ सगळा अल्बम कोकण रेल्वेचा. दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडीची गाडी पकडायची आणि दिवसभर दाराजवळची खिडकी सोडायची नाही. रोहा ते वीर सोडलं तर मार्ग अजून एकेरीच आहे, त्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी कुठेतरी थांबते. लोक वैतागतात, मी मात्र खाली उतरून फोटो काढतो.

त्यातला सगळ्यात लाइक्स मिळालेला फोटो राजापूर रोडचा. जुलै महिना, नुकती सर थांबलेली, ओला काळाभोर प्लॅटफॉर्म, पिवळी पाटी, मागे हिरवा डोंगर आणि त्यावर उतरलेलं धुकं. वरच्या तारा तेवढ्या खुपतात. २०२२मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं, तेव्हापासून कोकणातलं आभाळ तारांशिवाय मिळत नाही. फ्रेममध्ये एकही माणूस नाही. कुणीतरी कमेंट केली होती, 'जपान वाटतंय.' मी बदाम टाकला.

फॅमिली ग्रुपवर मामीने लिहिलं, 'छान आलाय. रिक्षा मिळाली का मग?'

स्टेशनच्या नावात 'रोड' असलं की समजायचं, स्टेशन इथे आणि गाव तिकडे. आगगाडीला चढ झेपत नाही. कोकण रेल्वे आखताना दीडशे मीटरला एक मीटर, एवढाच चढ धरला होता. मग नव्वदहून जास्त बोगदे खोदून, दऱ्यांवर पूल टाकून रूळ त्यांच्या सोयीच्या वाटेने गेले आणि गावं होती तिथेच राहिली. मला जी शांतता सुंदर वाटत होती, ती बरीचशी या अंतराची होती. आजूबाजूला वस्ती नाही, टपऱ्या नाहीत, गर्दी नाही. गाडीतून उतरलेली माणसं पाच मिनिटांत बाहेर जाऊन उभ्या असलेल्या रिक्षा भरतात आणि मग पुढची गाडी येईपर्यंत तिथे कुणी नसतं.

मी त्या पाच मिनिटांचीच वाट बघत होतो.

त्या दिवशी आई बरोबर होती. आम्ही आजीला बघायला निघालो होतो. आईचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. तिच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आजीच्या औषधांची पिशवी. 'चल रे, रिक्षा जातील,' ती दोनदा म्हणाली. मी म्हणालो, "आई, दोनच मिनिटं. जरा बाजूला हो ना, तू फ्रेममध्ये येतेस." ती झाली बाजूला.

फोटो झाला. बाहेर आलो तर आवारात एकही रिक्षा नाही. पाऊस पुन्हा लागला. दीड तास आम्ही तिथल्या शेडमध्ये बसलो. आई काही बोलली नाही, फक्त पिशवी पदराखाली धरून बसली. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. आजी दुपारपासून पडवीत बसून वाट बघत होती म्हणे, नुकतंच तिला आत नेऊन निजवलं होतं. सकाळी तिने आम्हाला ओळखलं, पण बोलण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. दिवाळीच्या आधी ती गेली.

आता त्या घराला कुलूप असतं. आईचं ऑपरेशन झालंय, जिना चढायचा म्हटलं तरी ती आधी कठडा शोधते. गोव्याला जाताना राजापूर रोड लागतं. आमची गाडी थांबत नाही, तरी मी दारात उभा राहतो.

मध्यंतरी मी त्या दिवसाचे बाकीचे फोटो शोधत होतो. रिकाम्या फ्रेमच्या आधी मी दहाबारा तरी काढले होते. त्यात गाडीतून उतरलेली माणसं होती, डोक्यावर बॅगा, खोक्यातला पंखा, आणि आई. सगळे त्याच रात्री डिलीट केलेले. फोन ते महिनाभर ठेवतो, मग पुसून टाकतो. मला माहीत होतं, तरी शोधले.

मग तो एकच फोटो मोठा करून पाहिला. डाव्या कडेला, पाटीच्या पलीकडे, छत्रीचं एक काळं टोक दिसतंय. क्रॉप करायचं राहून गेलं होतं.