पाटीवरचे गाव

एसटीची पाटी गाव सांगते. आत बसलेल्यांची लायकी सांगत नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथे 2003 मध्ये जनरल मोटर्सच्या एका जाहिरातीने हा साधा संकेत मोडला. चित्रातील बसच्या पाटीवर ठिकाणाऐवजी ‘किळसवाणे आणि विक्षिप्त’ अशा अर्थाचे शब्द होते. मोटारीबरोबर सहप्रवाशांविषयीची घृणाही विकायला काढली होती.

‘सारा गाव लोटला’ ही लक्षणा. तेथे गाव म्हणजे माणसे. या पाटीने गाव पुसले आणि माणसांना शिवी दिली. वर्गात आम्ही हे सांगतो, तेव्हा एसटीच्या पासवर येणारी मुले हसतात.

आम्हीही वर्षानुवर्षे त्याच एसटीने आलो. हल्ली मोटारीने येतो. थांब्यावर ती मुले दिसतात; काच मात्र खाली होत नाही.