मागावें न लागणारें मूल

आमचा धाकटा नातू अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. घर मोठें; त्यानें माठाकडे बोट केलें कीं तिघेजण पेला घेऊन धांवत. ज्यास मागावें लागत नाहीं तो बोलेल कशास? परंतु आप्तांनीं नांवें ठेविलीं तीं सूनबाईंस, आणि आम्ही मूग गिळून बसलों.

पुढें त्यास बालवाडींत घातलें. ही केवळ मुलें सांभाळण्याची जागा, अशी आमची समजूत होती. वस्तुतः १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं कार्य आरंभिलें, तेव्हांच गाणीं, गोष्टी व परिसरांतील वस्तू हीं शिक्षणाचीं साधनें केलीं होतीं.

एके दिवशीं आम्हीं दाराशीं उभे राहून पाहिलें. बाई त्याच्यासमोर खालीं बसल्या, "काय हवें, बाळ?" म्हणाल्या, आणि थांबल्या. इतरांस मध्यें बोलूं दिलें नाहीं. बऱ्याच वेळानें "पा" एवढेंच उमटलें. "पाणी हवें? हें घे पाणी," बाई म्हणाल्या. चूक न काढतां अपुरा शब्द पुरा करून परत दिला.

त्यांच्याच सांगण्यावरून कानही तपासून घेतले. ते निर्दोष निघाले. आतां घरीं आम्हीही पेला हातीं धरून थांबतों. सूनबाईंची क्षमा मागावयास मात्र आम्हांस शब्द सांपडण्यास त्याहून अधिक दिवस लागले.